पेजेचं बोट

फ्रीजने डावा कौल दिला आणि बाबांनी ताट लोटलं.

"नाय म्हणता," ते म्हणाले. "आज जेवू नको म्हणता."

"कोण म्हणता?"

"देव."

"तो देव नाय बाबा, तो फ्रीज आसा. दिगून पुण्यासून पाठवललो."

बाबांनी दोन्ही कानांना हात लावले. "देवाक असा बोलू नये गो बाय. कोणाचा चेडू तू?"

दिवसातून दहा वेळा ते मला हे विचारत. सुरुवातीला मी सांगायची, तुमचंच चेडू, तुमची मुलगी, मी सुगंधा. मग सांगायचं सोडून दिलं. त्या दिवशी मी भात पातेल्यात परत ओतला, आमटीवर झाकण घातलं आणि फ्रीजच्या दारावर चिकटून राहिलेली शेवंतीची एक पाकळी नखाने खरवडून काढली. उजवीकडची पाकळी. तीच मेली पडायला हवी होती.

आमचं घर गुरवाचं. नेरवणच्या रवळनाथाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे, आणि कौल लावायचा मानही. कौल म्हणजे देवाला विचारणं. पाषाणाला आंघोळ घालायची, त्याच्या ओल्या अंगावर उजव्या नि डाव्या बाजूला फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, आणि देवासमोर खड्या आवाजात गाऱ्हाणं घालायचं. प्रत्येक वाक्यामागे जमलेल्या मंडळींनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. मग सगळ्यांनी गप्प बसून बघायचं. आधी उजवी पाकळी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. विहीर खणायची, सोयरीक जुळवायची, कोर्टात जायचं, आमच्या गावात लोक आधी देवाला विचारत आणि मग वकिलाला. चाळीस वर्षं ते कौल तातू गुरवाने, म्हणजे माझ्या बाबांनी लावले. त्यांच्या कौलाला कधी कुणी नाही म्हटलं नाही.

मीही म्हटलं नाही.

मी चोवीस वर्षांची असताना मला शिरगावच्या शाळेतल्या एका मास्तरांचं स्थळ आलं होतं. प्रभाकर त्यांचं नाव. दोनदा घरी येऊन गेले. मला आवडले होते आणि मी त्यांना आवडले होते, आणि त्या काळात एवढं पुष्कळ होतं. बाबांनी स्वतः कौल लावला. मी देवळात खांबापाशी उभी होते. डावी पाकळी पडली. उजवी संध्याकाळपर्यंत तशीच होती म्हणतात, मी बघायला थांबले नाही. त्यानंतर दोन स्थळं आली, पण देवाने एकदा नाही म्हटलेली मुलगी म्हणून ती आपोआप फिरली. मी रोज पहाटे देवाच्या फुलांची परडी भरायची, देवळाच्या पायरीवर ठेवायची आणि मागे फिरायची. सतरा वर्षं मी उंबरा ओलांडला नाही. देवाशी मी अबोला धरला होता आणि त्याचं देवाला काही वाटत नव्हतं.

आई तर त्याच्याही आधी वारली होती. धाकटा भाऊ दिगू शिकला, भोसरीला कंपनीत लागला, लग्न केलं, फ्लॅट घेतला. बाबा आणि मी उरलो. मग बाबांचं डोकं उसवायला लागलं. आधी किल्ल्या हरवल्या, मग माणसं. कुडाळच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया हा शब्द सांगितला आणि म्हणाले, जुन्या सवयी शेवटपर्यंत राहतात. ते मात्र खरं निघालं. देवळातली पूजा चुलतभाऊ काशीकडे गेली, पण बाबांच्या हातातला कौल काही गेला नाही. ते फ्रीजला कौल लावू लागले. जेवूचा काय? आंघोळ करूची काय? ह्या बाईक घरात ठेवूचा काय? ही बाई म्हणजे मी.

आणि फ्रीज तरी काय, दार उघडलं-मिटलं की कुठलीही पाकळी पडायची. डावी पडली की बाबा उपाशी. दोन-दोन दिवस उपाशी. मी त्यांच्या तोंडात घास कोंबून बघितला, त्यांनी तो माझ्या अंगावर थुंकला.

याच्यात भर म्हणून ते पळून जायचे. दुपारी माझा डोळा लागला की कडी काढून सरळ तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे. तिठ्यावर रिक्षा उभ्या असायच्या. बाबा पहिल्या रिक्षेत चढून बसायचे. त्यांना ती पालखी वाटायची. बाकीचे रिक्षावाले त्यांना उतरवायचे, हसायचे. एकदा मी धापा टाकत पोचले तर बाबा इनास लोबोच्या रिक्षेत पुढच्या सीटवर बसले होते, आणि समोर काचेखाली जी सायबीण मायची, म्हणजे येशूच्या आईची मूर्ती असते ना, बोटभर, निळ्या झग्याची, तिला दोन्ही बाजूंनी पाकळ्या चिकटवत होते.

माझं डोकंच फिरलं. बाबांवर नव्हे, इनासवर.

"तुका काय कळता की नाय? तेंका समजत नाय, पण तुका समजता मां? तुझ्या देवाक पाकळ्ये लावतत ते! तुका राग येना नाय?"

इनास पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला, शांत माणूस. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. तो म्हणाला, "सायबीण काय बोलाक नाय. मी कित्याक रागवू?"

"आणि तेंका घरी कोण पोचवतलो?"

"मीच पोचवतंय. रोज पोचवतंय. तिठो, देऊळ, घर. तुका आज कळला."

बाबांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजाऽऽ..." आणि रिक्षा सुरू करता करता इनास लोबो, रविवारी न चुकता चर्चला जाणारा माणूस, मान खाली घालून म्हणाला, "होय म्हाराजा."

मी मागे बसले. देवळाच्या वळणावर त्याने ब्रेक असा काही मारला की मूर्तीच्या उजवीकडची पाकळी टपकन खाली पडली. बाबा खूश. घरी येऊन पोटभर जेवले.

"मुद्दाम मारलंस," मी फाटकापाशी म्हटलं.

"होय. सवय झाली हाताक. जरासो झटको दिलो की उजवीच पडता."

"देवाक फसवतंस?"

"देवाक कशाक फसवू? म्हाताऱ्याक भूक लागता."

तेव्हा मला त्याचा रागच आला होता, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम डोळा लागल्याचं सोंग केलं आणि कडी वाजल्यावर पाच मिनिटांनी पायात चपला सरकवल्या.

असं दोन महिने चाललं. मी मागच्या सीटवर, बाबा पुढे, आणि इनास दर वाक्यामागे 'होय म्हाराजा'. कधीकधी बाबांचं गाऱ्हाणं लांबायचं. गावातल्या गुरावासरांपासून मुंबईकर चाकरमान्यांपर्यंत सगळ्यांचं बरं मागायचे. इनास रिक्षा बाजूला घेऊन थांबायचा. दुसरं गिऱ्हाईक हात करायचं तर त्याला हातानेच जा म्हणायचा. इतक्या वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं की तू जेवलीस का. तो रोज विचारायचा, आणि मी रोज चिडून सांगायची, "जेवलंय, तुका काय करूचा?"

फ्रीजचा प्रश्न मात्र होताच. रिक्षा दुपारची, बाकीची जेवणं कशी करायची? तो माझा मला सुटला, आणि तोही चुकून. एका सकाळी मी पेज गाळत होते. मऊ शिजलेल्या तांदळाची ती पेज बाबांना रोज लागायची. बाबांनी तबक मागितलं म्हणून तशाच पेजेच्या बोटांनी पाकळ्या उचलून दिल्या. त्यातली एक फ्रीजला बसली ती दुसऱ्या दिवसापर्यंत हललीच नाही. मी तिच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिले. मग शिकले. तबकात डावीकडे ठेवायच्या पाकळ्यांना मागून पेजेचं बोट पुसायचं, उजवीकडच्यांना नुसतं पाणी. डाव्या चिकटून बसायच्या, उजव्या पडायच्या. बाबा जेवायचे, आंघोळ करायचे, गोळ्या घ्यायचे. इनासला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला रिक्षा थांबवावी लागली.

"माका बोललंस, देवाक फसवतंस!" तो म्हणाला.

मग हसणं थांबवून समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "माझ्या घरातलो फ्रीज मोठो आसा. दोन दारांचो. बायको आइसकांडी इकायची ना, तेव्हाचो. तातूकाकांक पाकळ्ये लावूक बरो पडात."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा बाबा जोरात म्हणत होते, "...तर ह्येंचा सगळ्यांचा बरा कर रे म्हाराजा!" आणि आम्ही दोघंही होय म्हाराजा म्हणायला विसरलो.

"धर्म बदलूचो नाय," तो म्हणाला. "तुझो देव तुका, माझी सायबीण माका. ओरोसाक कचेरीत जावन लग्नाची सही करूची. तुका पटला तर."

मी नाही म्हटलं नाही. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला असं विचारलं तर तिने लाजायचं असतं की रडायचं, मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बघतंय."

बघेपर्यंत काशीने पुण्याला फोन केला. शनिवारी दिगू हजर. बॅग खाली ठेवायच्या आधी सुरू झाला.

"ताय, लाज सोडलंस की काय? गुरवाचा चेडू किरिस्तावाच्या घरात?"

"पाणी पी आधी."

"पाणी नको माका. बाबांका कोण बघतलो?"

"बाबा येतले माझ्यावांगडा."

"किरिस्तावाच्या घरात? तातू गुरव? जीव दितले ते!"

"तेंका तू कोण ता म्हायत नाय, दिगू. तीन वर्षांत दोनदा इलंस. जा, विचार तेंका, कोण मी म्हणान."

तो गेला नाही. बाहेर ओटीवर येरझाऱ्या घातल्या, फोनवर बायकोशी बोलला, आत आला, आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला, "बरा. आपण देवाक विचारूया. सोमवारी काशी कौल लावात. अप्पा गावकरांका, मानकऱ्यांका बोलावतंय. देव हो म्हणालो तर मी स्वतः ओरोसाक येतंय सही करूक. नाय म्हणालो तर विषय संपलो. कबूल?"

आणि मी कबूल म्हटलं.

याबद्दल मला लोक वेडी म्हणतात, इनासही म्हणतो. पण सतरा वर्षं अबोला धरला तरी माणूस दाराकडे बघायचं सोडत नाही. मला वाटलं, या खेपेला देव हो म्हणेल. काही नाही म्हटलं तरी माझ्या फुलांच्या सहा हजार परड्यांची सेवा त्याच्यापाशी जमा होती. मला त्याच्या तोंडून एकदा हो ऐकायचं होतं. इनास लोबो मला हवा होता, आणि तो देवाने दिलेला हवा होता.

रविवारी दिगू काशीकडे गेला होता. दुपारी बारा-साडेबाराला मी नेहमीसारखं तबक तयार केलं आणि बाबांसमोर ठेवलं. बाबांनी डावीकडची पाकळी उचलली, उलटी करून उजेडात धरली आणि अंगठ्याने मागची बाजू चोळली.

"पेज जाड झाली गो," ते म्हणाले.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

"काय झाली?"

"जाड. जाड पेज सुकली की पांढरी दिसता. मानकऱ्यांची नजर तीक्ष्ण आसता. निवळ घेवची, वरची. ती दिसना नाय आणि धरूनय ठेवता." बाबांचा आवाज अगदी पूर्वीचा होता. काशीला पूजा शिकवताना असायचा तसा.

"तुमका कसा म्हायत?"

"गुरवाक म्हायत आसता. पण करू नये. पाप लागता." त्यांनी अंगठा धोतराला पुसला. "मी एकदाच केललंय. एकदाच."

"कधी?"

"चेडवाच्या वेळेक."

"कोणाच्या चेडवाच्या?"

"माझ्या. सुगंधाच्या." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू कोणाचा गो?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगा. काय केलास?"

"उजव्या पाकळेक लावलंय. बोटभर पेज. घट्ट बसली ती. डावी आपसूक पडली." ते सांगत होते आणि बोटाने हवेत दाखवत होते, कुठे लावली ते. "मास्तर बरो होतो. चांगलो होतो. पण झील ल्हान माझो, दिगू, आवस नाय तेका. सुगंधा गेली तर चूल कोण पेटवतलो? माका कोण वाढतलो? मी म्हटलंय, दोन वर्षा जांवदे. मगे दुसरो बघू. मगे इलले ते फिरले." पाकळी त्यांनी तबकात परत ठेवली, व्यवस्थित, डावीकडे. मग वाकून माझ्या कानाशी आले. "तिका सांगू नको हां. रागीट आसा चेडू."

मी काय केलं ते सांगते, लपवत नाही. वाढलेलं ताट उचललं आणि परसात फेकलं. आमटीची वाटी माडाच्या बुंध्यावर आपटून चेपली, ती अजून माझ्याकडे आहे. मी ओरडले. शब्द नव्हते, नुसतीच ओरडले. शेजारची कुत्री भुंकायला लागली. मग मी बाबांच्या समोर येऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मी सुगंधा. मी सुगंधा आसंय. ऐकलास? माझा आयुष्य चुलीत घातलास तुम्ही! माझा!"

बाबा घाबरून भिंतीला टेकले. हात जोडले त्यांनी. "बाय गो, माका मारू नको. मी गरीब माणूस."

भांडायचं कुणाशी? ज्याने ते बोट लावलं तो माणूस घरात उरलाच नव्हता. त्याचे कपडे घालून, त्याच्या जागेवर बसून, त्याचा चष्मा लावून हा दुसराच कुणी म्हातारा थरथरत होता, आणि त्याला माफही करता येत नव्हतं, कारण त्याला आठवत नव्हतं काय ते. मी परसात जाऊन तोंडावर पाणी मारलं. परत आले आणि दुसरं ताट वाढलं. एक वाजत आला होता आणि त्यांची गोळी जेवणानंतरची होती.

संध्याकाळी तिठ्यावर जाऊन इनासला सगळं सांगितलं. त्याने इंजिन बंद केलं.

"मगे उद्या जाव नको," तो म्हणाला. "गरज काय?"

"जातलंय."

"काशी गुरव आसा. तेकाय म्हायत आसतला."

"म्हणानच जातलंय. सतरा वर्षा मी देवावर राग धरलंय, इनास. तेना तर तोंडच उघडूक नव्हता. माका तेच्यासमोर जावचा आसा."

"मी येव?"

"देवळाच्या फाटकार थांब. रिक्षा चालू ठेव."

सोमवारी सकाळी मी बाबांना धुतलेलं धोतर नेसवलं. दिगू चुलीपाशी आला. सकाळी कधी स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारा माझा भाऊ म्हणाला, "ताय, पेज केलंस काय गो? वायच देतंस? बाबांका देवळात भूक लागली तर."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर चुलीकडे वळवली.

"जाड देव की वरची निवळ?" मी विचारलं.

"खंयचीय दी. निवळ चलात."

मी वाटीत निवळ काढून दिली. त्याने ती झाकून जपून नेली.

सतरा वर्षांनी मी देवळाचा उंबरा ओलांडला. आत तेलाचा आणि ओल्या दगडाचा तोच वास. अप्पा गावकर आणि आणखी सात-आठ मानकरी पथारीवर बसले होते. बाबांना मी खांबाला टेकवून बसवलं, ज्या खांबापाशी मी तेव्हा उभी होते त्याच. काशीने पाषाणाला आंघोळ घातली होती आणि तो गाभाऱ्याच्या दाराशी पाकळ्या निवडत बसला होता. तबक समोर, आणि तबकामागे, फुलांच्या परडीच्या आडोशाला, आमच्या घरची स्टीलची वाटी. झाकण काढलेलं. बाबा खांबापाशी होते आणि त्यांच्या भुकेची वाटी गाभाऱ्याच्या दारात.

अप्पा म्हणाले, "काय गो सुगंधा, देव सांगात ता मान्य मां तुका?"

"देव सांगात ता मान्य," मी म्हटलं.

"मगे काशी, लाव."

"थांबा अप्पानू," मी म्हटलं. "माका भूक लागली."

मी पुढे गेले, परडी बाजूला सारली, वाटी उचलली आणि सगळ्यांच्या समोर ती पेज प्यायले. एका दमात. काशीचं बोट वर उचललेलं तसंच राहिलं, त्याच्या टोकाला पेजेचा थेंब होता. वाटी मी पालथी करून त्याच्या तबकात ठेवली.

"आता लाव," मी म्हटलं. "बोट धुवन लाव."

अप्पा म्हातारे होते, पण मूर्ख नव्हते. त्यांनी आधी वाटीकडे बघितलं, मग काशीच्या बोटाकडे, मग दिगूकडे. दिगूचा चेहरा पडला.

"ताय, ती बाबांची पेज..." तो म्हणाला.

"बाबांचीच," मी म्हटलं. "सतरा वर्षांपूर्वीयी बाबांचीच होती. उजव्या पाकळेक लावलली. तुमी सगळे होतास हंय. होय म्हाराजा म्हटलास."

आणि नेमके तेव्हा बाबा उठले. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. समोर ओला पाषाण, तबक, पाकळ्या आणि गप्प बसलेली मंडळी. त्यांना एवढंच कळलं की गाऱ्हाणं घालायचं राहिलंय. त्यांनी हात जोडले आणि तो आवाज लागला. तीन वर्षांत मी तो असा ऐकला नव्हता, छप्पर उचलणारा.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या धन्या म्हाराजाऽऽ!"

"होय म्हाराजा," मंडळी म्हणाली. सवयीने. तोंडाला लगाम कुठे असतो.

"आज ह्या कोणाचा तरी चेडू तुझ्या पायाकडे इला आसा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेचा नाव माका म्हायत नाय. पण माका रोज जेवूक वाढता रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा..."

"तर तेच्या मनात जा काय आसात ता पुरा कर, आणि जो कोण मधी आडवो येयत, तेका बाजूक सार रे म्हाराजाऽऽ!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. अप्पा म्हणाले. काशी म्हणाला. दिगूसुद्धा म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याने तोंड मिटलं. फाटकापाशी रिक्षेचं इंजिन चालू होतं आणि त्यातूनही एक 'होय म्हाराजा' आत ऐकू आलं.

मी म्हटलं नाही. माझ्या तोंडात अजून पेजेची चव होती. त्या माणसाने माझं सगळं आयुष्य चुलीत घालून मग माझ्यासाठी देवाकडे मागितलं, मी कोण हे ठाऊक नसताना, आणि मला होय म्हाराजा म्हणता आलं नाही. आजही म्हणता येईल असं वाटत नाही.

पण पाषाणाकडे मी बघितलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा समोरून. तो ओला होता, काळा होता, आणि त्याच्या अंगावर एकही पाकळी नव्हती. मी हात जोडले. बाकी काही मागितलं नाही.

"चला," मी बाबांचा दंड धरला.

"खंय?"

"मोठो देव दाखवतंय. दोन दारांचो."

"बाबांका खंय नेतंस?" दिगू पायरीपर्यंत मागे आला. "ताय, कौल लागाक नाय अजून!"

"लाव तू," मी म्हटलं. "आणि काय सांगता ता तुझ्याकडे ठेव."

त्याने काशीला लावायला सांगितला की नाही, आणि लावला तर कुठली पाकळी पडली, मी विचारलं नाही. गावातल्या दोन-तीन जणांनी सांगायचा प्रयत्न केला. मी विषय बदलला.

याला आता बारा वर्षं झाली. बाबा त्यानंतर तीन वर्षं जगले, इनासच्या घरात. मला शेवटपर्यंत त्यांनी ओळखलं नाही. मी त्यांच्याशी गोड वागले असंही नाही. धोतर बदलताना, नखं कापताना मी त्यांना पुष्कळ काही बोलले. ते ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, कोणाचा चेडू तू?

पण त्या सोमवारची दुपार सांगायची राहिली. इनासच्या फ्रीजला बाबांनी हात लावून बघितला, दोन्ही दारं उघडून आत डोकावले, नमस्कार केला आणि पाकळ्या मागितल्या. इनासने अंगणातली शेवंती आणून दिली. चुलीवर पेज होती. मी तिकडे गेले नाही. दोन्ही बाजूंच्या पाकळ्या नुसत्या पाण्यात बुडवून तबकात ठेवल्या.

बाबांनी गाऱ्हाणं घातलं. इनास होय म्हाराजा म्हणाला. आम्ही तिघंही बघत बसलो.

डावी पडली.

"नाय म्हणता," बाबा म्हणाले आणि ताट लोटलं.

मी ताट परत त्यांच्यापुढे सरकवलं.

"म्हणूंदे," मी म्हटलं. "वाढलंय मी. जेवा."

त्यांनी फ्रीजकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि जेवले.